लाईटची वायर किती एमएमची घ्यायची?

गटाची बैठक भरली असेल, तर सगळ्याजणी रेडिओजवळ सरकून बसा. एखादीच्या हाताशी वही-पेन असू द्या, कारण आज थोडा हिशेब करायचा आहे. अवघड काही नाही. गटाचं व्याज काढणाऱ्या बाईला हा हिशेब सहज जमेल.

आजचा विषय आहे घरातल्या लाईटच्या वायरचा. वायर किती जाडीची घ्यायची, हे कोण ठरवतं? बहुतेक घरांत वायरमन ठरवतो, नाहीतर दुकानदार. घरातला माणूस दुकानात जातो, "लाईटची वायर द्या" म्हणतो, आणि समोर येईल ते बंडल घेऊन येतो. भिंतीत पाईप गेला, वर गिलावा झाला, रंग लागला, की पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या वायरकडे कुणी बघत नाही. आणि त्या घरात दिवसभर वावरतो कोण? आपणच. ओल्या हातानं बटण दाबणार आपण, मिक्सर लावणार आपण, लेकरांना बोर्डापासून लांब ठेवणार आपण. मग वायर घेताना चार प्रश्न आपणही विचारायला हवेत.

आपल्या भागात पुष्कळ घरांत वीज आली ती एका दिव्यानं. २०१७ साली सौभाग्य योजना सुरू झाली, तिच्यात घरात एका पॉइंटचं वायरिंग आणि एक एलईडी दिवा मिळायचा. पुढे त्याच पॉइंटवरून पंखा ओढला, पंख्यावरून टीव्ही, टीव्हीच्या बोर्डावरून मोबाइल, आणि एक दिवस त्याच बोर्डाला पाणी तापवायचा रॉड लागला. घर वाढलं, वस्तू वाढल्या, वायर मात्र पहिल्या दिव्याचीच राहिली. धोका तिथंच आहे.

आधी तीन शब्द समजून घेऊ. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट. टाकीतून पाणी येतं ना, तसं समजा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब. विजेच्या या दाबाला व्होल्ट म्हणतात. आपल्या घरात तो २३० व्होल्ट असायला हवा. पाईपमधून किती पाणी वाहतंय, तसा वायरमधून किती करंट वाहतोय, ते अँपिअर. आणि एखादी वस्तू चालायला किती वीज घेते, ते वॅट. वॅटचा आकडा वस्तूवरच छापलेला असतो. बल्बवर ९ वॅट, इस्त्रीवर १००० वॅट, असं.

आता हिशेब एकच. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर येतात. १००० वॅटची इस्त्री असेल तर १००० भागिले २३०, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

अर्ध्या इंची नळीतून विहिरीच्या मोटरचं पाणी सोडलं तर काय होईल? नळी फुगेल, निसटेल. वायर फुगत नाही, ती तापते. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हे नीट लक्षात ठेवा. म्हणूनच "थोडा जास्त लोड आला तर काय बिघडतं?" असं म्हणून चालत नाही. वायर तापली की वरचं प्लास्टिक मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं. साध्या पीव्हीसी वायरीचं प्लास्टिक ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेलं असतं. त्यापुढे ते रोज थोडं थोडं खराब होतं. ते भिंतीच्या आत होतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. दिसतं तेव्हा ठिणगी पडलेली असते.

आता आपण एका घरकुलाचा हिशेब करू. पुढची खोली, मागं स्वयंपाकाची खोली, बाहेर ओटा, न्हाणी आणि संडास. लिहून घ्या. ९ वॅटचे पाच एलईडी बल्ब, झाले ४५ वॅट. पुढच्या खोलीत एलईडी ट्यूब, २० वॅट. दोन पंखे, साधे, ७५ वॅटचे, झाले १५०. टीव्ही ८० धरा. मोबाइलचा चार्जर २० धरा. बेरीज किती आली? ३१५ वॅट. त्याला २३० नं भागा. जेमतेम १.४ अँपिअर.

म्हणजे सगळं घर उजळलं, दोन्ही पंखे फिरतायत, टीव्ही चालू आहे, तरी करंट दीड अँपिअरसुद्धा नाही. मग तुम्ही म्हणाल, एवढ्याशा करंटला बारीक वायर चालेल की! जाड वायरीला पैसे कशाला घालायचे?

याचं उत्तर ऐका. घरातल्या लाईटच्या सर्किटला तांब्याची दीड एमएमची वायर घ्यावी. का, ते एकेक करून सांगतो.

पहिलं कारण. वायर आजच्या दिव्यांपुरती घ्यायची नसते. उद्या मुलगा शिकायला बसेल, त्याला टेबलाजवळ लाईट लागेल. आणखी एक पंखा येईल. शिवणयंत्राला मोटर बसेल. भिंत पुन्हा फोडायची नाही, म्हणून वायरला थोडी जागा ठेवायची.

दुसरं कारण. पाईपमध्ये एकच वायर नसते, तीन-चार, कधी सहा-सात वायरी एकत्र जातात. त्या एकमेकींना तापवतात. त्यात आपल्याकडे पुष्कळ घरांवर पत्रा. चैत्र-वैशाखात पत्र्याखालून गेलेल्या पाईपमध्ये करंट नसतानाच वायर गरम असते. कंपनीच्या तक्त्यात दीड एमएमच्या वायरीला पाईपमधून साधारण १४ ते १६ अँपिअर लिहिलेले असतात, पण पत्र्याखाली आणि गर्दीत ती तेवढी झेपवत नाही.

तिसरं कारण मजबुतीचं. बारीक वायर पाईपमधून ओढताना ताणली जाते, स्क्रूखाली दाबताना तिच्या तारा तुटतात. अर्ध्या तारा तुटल्या की दीडची वायर त्या जागी पाऊण एमएमची होते, आणि नेमकी तिथंच तापते.

काही वायरमन सांगतील, "ताई, बटणापासून एका बल्बपर्यंत एक एमएमची चालते." ते चूक नाही. एका बल्बपुरती ती चालते. पण मुख्य बोर्डापासून खोलीच्या बोर्डापर्यंत येणारी वायर दीडचीच हवी. आणि आपल्यासारख्या छोट्या घरात दोन जाडीच्या वायरी आणण्यापेक्षा लाईटचं सगळं काम दीडमध्ये केलेलं सोपं. पुढे कुणी त्या बल्बच्या होल्डरवरून प्लग काढला, तरी घर सांभाळलं जातं.

आता 'दीड एमएम' म्हणजे काय, हेही बघू. दुकानात सगळे एमएम म्हणतात, पण ती वायरची जाडी नाही. ते आहे दीड चौरस मिलिमीटर. म्हणजे वायर आडवी कापली, तर आतल्या तांब्याचं तोंड केवढं, त्याचं ते माप आहे. वरचं प्लास्टिक त्यात धरलेलं नसतं. म्हणून वायर बाहेरून जाड दिसली म्हणजे आत तांबं जास्त, असं नाही. प्लास्टिक जाड आणि तांबं बारीक, असलाही माल बाजारात असतो. काही जुने वायरमन अजून 'एक अठरा', 'तीन बावीस', 'सात वीस' असं बोलतात. ती जुनी गेजची मापं. एक अठरा आणि तीन बावीस या दोन्ही साधारण १.२ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे दीडपेक्षा बारीक. तुमच्या जुन्या घरात तीन बावीसची वायर असेल, तर तिच्यावर फक्त दिवे आणि पंखेच ठेवा.

आता महत्त्वाची गोष्ट. लाईटच्या सर्किटवर काय लावायचं आणि काय नाही.

घरातल्या वायरिंगच्या भारतीय मानकातला एक जुना, सोपा नियम आहे. लाईट-पंख्याच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत, आणि सगळं मिळून ८०० वॅटच्या वर लोड नको. आपण हिशेब केला त्या घरकुलात पाच बल्ब, एक ट्यूब, दोन पंखे, टीव्हीचा प्लग आणि मोबाइलचा प्लग, बरोबर दहा पॉइंट झाले. लोड ३१५ वॅट. एक सर्किट पुरलं. घर मोठं असेल, माडी असेल, तर दोन सर्किटं करा. त्याचा आणखी एक फायदा आहे. एका सर्किटमध्ये बिघाड झाला, तरी अर्ध्या घरात उजेड राहतो. रात्रीच्या वेळी लेकरं झोपलेली असताना त्याची किंमत कळते.

आणि काय लावायचं नाही? जी वस्तू तापते आणि जी वस्तू मोटरनं जोरात फिरते, ती लाईटच्या सर्किटवर नको. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असतो, तो एकटा साडेसहा अँपिअर ओढतो. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, पावणेनऊ अँपिअर. इस्त्री साडेचार. टाकीत पाणी चढवायची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर चालू असताना कमी ओढते, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी पट ओढते. या वस्तूंसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी वायर आणायची, अडीच एमएमची, आणि तिला मोठा, १६ अँपिअरचा प्लग बसवायचा. रॉड आणि शेगडी एकाच वेळी चालणार असतील, तर दोघांना वेगवेगळ्या वायरी, नाहीतर चार एमएमची. वायरमनशी बोलून ठरवा.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्याकडे अशा तऱ्हेच्या तक्रारी बऱ्याच गटांतून येतात, म्हणून ती सगळ्यांच्या कामाची आहे. एका गटातल्या ताईंनी कर्ज काढून घरघंटी घेतली. एक हॉर्सपॉवरची. गल्लीतलं दळण घरी करायचं, चार पैसे सुटतील, हा विचार. घरघंटी पुढच्या खोलीत ठेवली आणि टीव्हीच्या शेजारच्या प्लगला लावली. सुरू केली की एमसीबी पडायची. पुन्हा वर करायची, पुन्हा पडायची. दळणाची गिऱ्हाइकं दारात. तेव्हा दिरानं तालुक्याहून ३२ अँपिअरची एमसीबी आणली आणि ६ च्या जागी ती बसवली. घरघंटी फिरायला लागली. सगळे म्हणाले, दुरुस्त झालं!

पण दुरुस्त काय झालं? घरघंटी चालताना ५ ते ७ अँपिअर ओढते, सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-सहा पट. भिंतीतली वायर होती लाईटची, एक एमएमची. आधी ६ अँपिअरची एमसीबी दर वेळी सांगत होती, की बायांनो, ही वायर या कामाची नाही. ३२ ची बसवली आणि सांगणाराच गप्प झाला. महिनाभरात बोर्डाला जळका वास यायला लागला, बटण पिवळं पडलं. ताई शहाण्या, त्यांनी वास आला त्याच दिवशी मेन बंद केला आणि वायरमनला बोलावलं. बोर्ड उघडला तर प्लगमागचं प्लास्टिक वितळून तांबं उघडं पडलं होतं. तोच बोर्ड, आणि खाली पिठाची पोती.

यातून एकच गोष्ट घ्या, आजच्या सगळ्या बोलण्याचं सार तेच आहे. एमसीबी किंवा फ्यूज वस्तूसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जितकं सोसते, त्यापेक्षा आधी त्यानं तुटायला हवं. तो वायरचा राखणदार आहे. राखणदार वारंवार ओरडतो म्हणून त्याला घरी पाठवून बहिरा राखणदार ठेवायचा नसतो, तो कशासाठी ओरडतोय ते बघायचं असतं.

तेव्हा लिहून घ्या. लाईटला दीडची वायर आणि ६ अँपिअरची एमसीबी. मोठ्या प्लगला अडीचची वायर आणि १६ अँपिअरची एमसीबी. ज्या घरात अजून चिनीमातीचा फ्यूज आहे, त्यांनी लाईटच्या ग्रिपमध्ये ५ अँपिअरची फ्यूजची तारच घालावी. वायरीतली तांब्याची तार काढून, पिळून ग्रिपमध्ये घालायची सवय घराघरांत आहे. तिनं लाईट लगेच येते, पण ती तार तुटत नाही, आणि मग तुटते ती भिंतीतली वायर.

घरघंटीचं पुढे काय झालं? मीटरजवळच्या बोर्डापासून अडीचची वेगळी वायर आणली, हिरव्या अर्थिंगच्या वायरीसकट. १६ अँपिअरचा प्लग लावला. एमसीबी बसवली ती मोटरसाठी चालणारी, सी प्रकारची. लाईटच्या सर्किटला पुन्हा ६ ची एमसीबी आली. आता दळण चालू असताना दिवे मिणमिणत नाहीत. गटातून कुणी घरघंटी, मसाला कांडप, पापडाचं यंत्र घेणार असेल, तर कर्जाच्या अर्जातच वायरिंगचा खर्च धरा. यंत्राची किंमत सगळे धरतात, त्याच्या वायरीची कुणी धरत नाही. आणि धंद्यासाठी वीज वापरणार असाल, तर मंजूर भार आणि जोडणीचा प्रकार महावितरणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.

आता लांबीचा प्रश्न. आमच्याकडे आलेला आणखी एक प्रश्न असा. गोठा घरापासून ६० मीटरवर आहे, तिथं लाईट न्यायची, वायर किती एमएमची?

वायर जितकी लांब तितका दाब कमी होत जातो, जसा शेवटच्या वाफ्याला पाणी मंद येतं. ६० मीटर लांब म्हणजे करंटला जायला ६० आणि परत यायला ६०, एकूण १२० मीटर. गोठ्यात फक्त दोन बल्ब आणि एक पंखा असेल, तर दीडच्या वायरीत अर्धा-पाऊण व्होल्टच कमी होतो. काही फरक पडत नाही. दीडची पुरे. पण उद्या तिथं कडबाकुट्टी लावायची असेल, तर हिशेब बदलतो. १० अँपिअर ओढणारी कुट्टी धरली, तर दीडच्या वायरीत सुमारे १६ व्होल्ट वाटेतच संपतात. अडीचच्या वायरीत साडेनऊ. चारच्या वायरीत सहाच्या आसपास. संध्याकाळी आधीच गावात व्होल्टेज कमी असतं, त्यात आणखी १६ गेले, तर मोटर घुमते, उचलत नाही, आणि जळते. म्हणून गोठ्यात कुट्टी येणार असेल तर आत्ताच चारची केबल टाका, आणि कुट्टीचं सर्किट लाईटपासून वेगळं ठेवा.

बाहेरून जाणाऱ्या वायरीचं आणखी एक. घरात पाईपमध्ये घालायची साधी एकेरी वायर बाहेर उन्हात टाकू नका. तिचं प्लास्टिक ऊन-पावसानं तडकतं. बाहेर दुहेरी आवरणाची केबल हवी, आणि जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल. आणि कपडे वाळत घालायची तार विजेच्या वायरीपासून, पत्र्यापासून, खांबापासून लांब बांधा. ओल्या साडीतून करंट येऊन जीव गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण ऐकतो.

आता चला दुकानात. काउंटरवर काय विचारायचं?

दुकानदाराला म्हणा, "भाऊ, तांब्याची, दीड एमएमची, एफआर वायर द्या, आयएसआय मार्कची." एफआर म्हणजे ज्याचं प्लास्टिक सहज पेट घेत नाही आणि आग पसरवत नाही, अशी. बंडल साधारण ९० मीटरचं असतं, ते वेष्टनावर छापलेलं असतं. वायरीवरही ठरावीक अंतरावर छापलेलं असतं. तिथं तीन गोष्टी बघा. कंपनीचं नाव. १.५ हा आकडा. आणि आयएस ६९४ हे मानक, आयएसआयच्या खुणेसह. सीएम/एल असं लिहून पुढे परवान्याचा क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे का ते कळतं. गटातल्या शिकणाऱ्या मुलींना हे काम सांगा.

वेष्टनावर तारांची संख्याही असते. पुष्कळ कंपन्यांच्या दीडच्या वायरीवर २२/०.३ असं असतं, म्हणजे आत ०.३ मिलिमीटरच्या २२ तारा. अडीचच्या वायरीवर ३६/०.३. काही कंपन्या जास्त पण बारीक तारा घालतात, तो आकडाही छापलेला असतो. टोकाचं प्लास्टिक जरा सोलायला सांगा आणि तारा मोजा. छापल्या तितक्या भरल्या पाहिजेत. मग एक तार चाकूच्या धारेनं खरवडा. आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती घेऊ नका. ॲल्युमिनियम तेवढ्याच जाडीत तांब्याइतका करंट झेपवत नाही, वाकवली की तुटते, आणि स्क्रूखाली कालांतरानं सैल पडते. दुकानदार म्हणेल, "ताई, कोण एवढं बघतं?" त्याला सांगा, आम्ही बघतो. आणि पक्कं बिल घ्या.

रंगही लक्षात ठेवा. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. एकाच रंगाचं बंडल स्वस्त पडतं म्हणून सगळं घर लाल करू नका. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला फेज कोणती ते कळलं पाहिजे, त्याचा जीव त्यावर असतो.

आता वायरमन. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मीटरच्या पुढचं घरातलं सगळं वायरिंग ही आपली जबाबदारी असते, वीज कंपनीची नाही, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी वायरमनदादांना बसवून चहा द्या आणि पाच गोष्टी विचारा. एक, सर्किटं किती करणार आणि कोणत्या सर्किटवर किती पॉइंट? दोन, कुठं दीडची आणि कुठं अडीचची? तीन, प्रत्येक सर्किटला एमसीबी किती अँपिअरची? चार, जोड कुठं येणार? जोड बोर्डात किंवा जॉइंट बॉक्समध्येच हवेत, पाईपच्या आत टेप गुंडाळून नकोत. पाच, अर्थिंग प्रत्येक प्लगपर्यंत येणार का, आणि बटण फेजवरच असणार का? बटण न्यूट्रलवर असलं, तर दिवा विझतो पण होल्डरात करंट राहतो, आणि बल्ब बदलताना शॉक बसतो.

आणखी एक मागणी करा. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा म्हणावं. कारण एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. माणसाचा जीव जायला एका बल्बाइतकाही करंट लागत नाही, तेवढ्यावर एमसीबी पडत नाही. आरसीसीबी मात्र करंट जमिनीकडे गळायला लागला की क्षणात वीज तोडते. तिच्यावर 'टी' अक्षराचं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, ती पडली पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेसारखा एक दिवस ठरवून टाका.

काम झाल्यावर एका कागदावर नकाशा काढून घ्या. कोणती वायर कोणत्या भिंतीतून गेली, किती एमएमची, कोणत्या एमसीबीवर. तो कागद रेशनकार्डाजवळ ठेवा. पुढे खिळा ठोकताना तो कामी येतो.

ज्यांची घरं जुनी आहेत, त्यांनी काय करायचं? घाबरायचं नाही, पण बघायचं. आज संध्याकाळी सगळे दिवे लागल्यावर, कोरड्या हातानं, बोर्डाच्या बाहेरून हात लावून बघा. गरम लागतोय का? बटणाजवळ पिवळा-काळा डाग आहे का? मिक्सर लावला की दिवे मंदावतात का? जळक्या प्लास्टिकचा वास येतो का? फ्यूज वारंवार जातो का? यातलं एकही 'हो' असेल, तर त्या बोर्डावरची जड वस्तू आजच काढा आणि वायरमनला बोलवा. बोर्ड स्वतः उघडू नका. आणि ठिणगी पडून आग लागलीच, तर आधी मेन बंद करा. पाणी टाकू नका, कोरडी माती किंवा वाळू टाका. बाहेरच्या तारेचा किंवा खांबाचा बिघाड असेल, तर १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवा.

शेवटी गटासाठी एक काम देतो. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरातल्या वस्तूंची यादी आणायची. वस्तू, तिचे वॅट, आणि ती कोणत्या बोर्डावर लागते. सगळ्यांनी मिळून बेरीज करा आणि २३० नं भागा. मग ग्रिपमध्ये कोणती तार आहे, एमसीबीवर कोणता आकडा आहे, ते लिहा. ज्या घरात वायर दीडची किंवा त्याहून बारीक आणि एमसीबी २० किंवा ३२ ची सापडेल, त्या घराचं काम आधी. चार-पाच घरं मिळून एकाच दिवशी वायरमन बोलावला, तर मजुरीही कमी पडते आणि वायरीचं बंडलही वाटून घेता येतं. ज्या ताईची अडचण असेल, तिला गटातून छोटं कर्ज द्या. वायरसाठी कर्ज घेणं काही कमीपणाचं नाही.

तुमच्या घरांची यादी झाली की आम्हाला कळवा. कुठं किती एमएमची वायर निघाली, काय बदललं, ते पुढच्या कार्यक्रमात आपण सगळ्याजणींना सांगू. तोवर दिवा लावताना एकदा बोर्डाकडे नीट बघत जा. नमस्कार.